सांगायचे राहिलेले तीन महिने

आर्णी रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, मी सलग चार हंगाम दर गुरुवारी आरोग्याचा वर्ग घेतला. वर्ग हा शब्द कागदावरचा. खरं म्हणजे तो जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास होता. वजनकाट्याच्या मागे पत्र्याची एक शेड होती, तिथे मी माझे चित्रांचे तक्ते घेऊन उभी राहायची. एका गुरुवारी समोर बाया असायच्या, दुसऱ्या गुरुवारी पुरुष. सगळ्यांच्या भुवयांवर, पापण्यांवर रुईचे तंतू चिकटलेले. मालकाला बाहेरदेशी माल विकायचा होता आणि तिकडच्या लोकांनी विचारलं होतं, की तुमच्या कामगारांना आरोग्याचं काही शिकवता का. म्हणून हा वर्ग. ज्या संस्थेनं मला नेमलं होतं तिला दर महिन्याला फोटो लागायचे. मॅनेजरला भोंगा वाजताच सगळे परत कामावर हवे असायचे. आणि कामगारांना, साहजिकच, जेवायचं असायचं. भाकरीचा घास तोंडात असताना बाईमाणसानं पाळी, दिवस राहणं, निरोध असलं काही बोलावं, हे पहिल्या हंगामात कोणाच्याच पचनी पडलं नाही.

मी हट्टी आहे. त्याआधी सबंध नोकरी मी उपकेंद्रावर नर्स म्हणून काढली होती. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून हे काम घेतलं. माझा आवाज मोठा आणि डोकं तापट. घरचे म्हणतात, तू बोलत नाहीस, भांडतेस. पण अवघड गोष्ट सोपी करून सांगण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, अशी माझी स्वतःबद्दल खात्री होती. त्या खात्रीबद्दलच आज लिहायला बसले आहे.

जिनिंगमधलं काम सांगायला हवं. शेतातून आलेला कापूस आवारात ढिगानं पडलेला असतो. बाया ढिगाला बसून त्यातला पालापाचोळा आणि किडका, पिवळा कापूस वेचून काढतात. मग यंत्रात सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते. ती रुई प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी बांधतात. एकेक गाठ दोन माणसांच्या वजनाहून जड. ती ओढायची, उभी करायची, ट्रकमध्ये चढवायची, हे पुरुषांचं काम. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो आणि होळीच्या आगेमागे संपतो. तेवढे महिने गावोगावची जोडपी आवारामागच्या खोल्यांत पोराबाळांसह राहतात. बायांसाठी दोन संडास होते, त्यातल्या एकाला दार नव्हतं. बाया दिवसभर पाणी पीत नसत. मी त्यांना तक्त्यावरचं चित्र दाखवून सांगायची की बायांनो, भरपूर पाणी प्या. पहिल्या हंगामात तर हे सांगताना मला लाजही वाटली नव्हती. नंतर मॅनेजरशी भांडून दार बसवून घेतलं. चार वर्षांत माझ्या हातून झालेलं सगळ्यांत उपयोगाचं काम कदाचित तेच.

चौथ्या हंगामात ती माझ्याकडे आली. नेरकडच्या एका खेड्यातली, पंचविशीच्या आतबाहेरची, वेचणीला बसणारी. वर्ग संपून बाया पांगल्या तरी ही खांबाला धरून उभी. मी विचारलं, काय गं, काय झालं?

"बाई, मले तीन लेकरं हायेत," ती म्हणाली. "ऑपरेशनले दोनदा गेलती. दोन्ही खेपेले डॉक्टरनं वापस पाठोलं. म्हणे रक्तच नाई तुह्या अंगात, टेबलावर घेतलं तं उठशीन का नाई भरोसा नाई."

मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. पांढरी फटक होती. नखंही तशीच. तिसऱ्या बाळंतपणात तिला रक्त चढवावं लागलं होतं आणि ती पाच दिवस शुद्धीबेशुद्धीत होती, हे तिनंच सांगितलं. मग माझा हात धरून म्हणाली, "आता आणखी एक राह्यलं तं मी वाचत नाई, बाई. हे मले पक्कं माईत हाये. माही लहानी अजून दूध पिते."

ती घाबरवण्यासाठी बोलत नव्हती. तिला तिच्या शरीराचा हिशेब माझ्यापेक्षा जास्त कळला होता. मी तिला लोहाच्या गोळ्या लावून दिल्या आणि म्हटलं, "तुझ्या नवऱ्याला काय झालंय? त्याचं करू ना ऑपरेशन. पुरुषाचं तर सोपं असतं. टाका नाही, काही नाही."

ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, की जणू मी तिच्या नवऱ्याला साडी नेसवा म्हणत होते. मग म्हणाली, "तुमीच बोला त्याईच्यासंग."

तिचा नवरा प्रेसवर होता. अंगानं दांडगा, बोलायला कमी. पुरुषांच्या वर्गात मागे बसायचा आणि मान खाली घालून जमिनीवर काडीनं रेघोट्या ओढायचा. पुरुषांचा वर्ग म्हणजे माझी परीक्षाच असायची. नसबंदीचा तक्ता उघडला की अर्धे लोक बिडी ओढायला बाहेर. उरलेल्यांचा एकच प्रश्न, ताकद जाते ना? गाठ ओढणाऱ्या माणसाला ताकदीशिवाय दुसरं काय आहे? इकडे सगळ्यांनी बैल खच्ची करताना पाहिलेला असतो. त्यांच्या डोक्यात तेच चित्र पक्कं बसलेलं. मी ओरडून ओरडून सांगायची की बाबांनो, तसं नाही, फक्त एक नळी बंद करतात, बाकी सगळं जिथल्या तिथं राहतं. ते हसायचे. हसले म्हणजे ऐकतात, असं मी धरून चालायची.

आता मूळ गोष्ट. नसबंदी झाल्यावर लगेच त्या माणसापासून दिवस राहणं थांबत नाही. आधीचं बीज नळीत उरलेलं असतं. म्हणून तीन महिने निरोध वापरायचा, मग तपासणी करायची, आणि डॉक्टर हो म्हणाले की मगच निर्धास्त व्हायचं. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. आदल्या हंगामात मी हे तीन महिन्यांचं वाक्य वर्गात सांगितलंही होतं. तेव्हा शेडमध्ये एकच गलका झाला. एक जण उठून म्हणाला, "तीन मयने भरोसाच नाई, तं मंग कापून कायले घ्याचं?" सगळे खो खो हसत उठून गेले आणि त्या हंगामात एकही माणूस तयार झाला नाही. मी तेव्हाच ठरवलं, की पुढच्या वेळी हे वाक्य आधी काढायचंच नाही. माणसाला आधी दवाखान्याच्या दारात न्यायचं, काम झालं की मग बाजूला घेऊन सांगायचं. मला ती मोठी युक्ती वाटली. संस्थेच्या बैठकीत मी ती दुसऱ्यांनाही सांगितली आणि त्यांनी माना डोलावल्या.

बायांच्या वर्गात तर मी त्याहून सोपं करून टाकलं होतं. मी म्हणायची, "नवऱ्याची नसबंदी झाली की बाईनं पोटाची काळजी सोडून द्यायची. सुटली ती." बाया टाळ्या वाजवायच्या. तीही वाजवायची.

तिचा नवरा महिनाभरात तयार झाला. मी समजावलं म्हणून झाला, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत फिरले. खरं तर तो बायकोच्या पांढऱ्या पापण्यांना भ्याला होता. मला एवढंच म्हणाला, "बाई, ते मेली तं माह्या लेकरायचं काय? करून टाकू." असा माणूस मी माझ्या सबंध नोकरीत बोटावर मोजण्याइतकाच पाहिला असेल. त्याच्याबद्दल पुढं जे लिहिणार आहे ते वाचताना हेही लक्षात ठेवावं.

डिसेंबरात मी त्याला यवतमाळला घेऊन गेले. सोबत प्रेसवरचे दोघं आले होते. त्यांना पाहायचं होतं, की हा आपल्या पायानं चालत बाहेर येतो का. तो आला. फिकट पडला होता, पण चालत आला. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. तिथल्या नर्सनं सगळ्यांना एका रांगेत उभं करून एका दमात सूचना सांगितल्या आणि प्रत्येकाच्या हातात एक छापील कागद आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं दिलं. त्याला अक्षरओळख जेमतेम होती.

परतीच्या ऑटोत आम्ही चौघं दाटीवाटीनं बसलो होतो. त्यानं पुडकं उघडून पाहिलं. आत निरोधची पाकिटं. तो गोंधळला आणि मला म्हणाला, "बाई, आता हे कायले देलं?"

ते दोघं कान टवकारून बसले होते. मी त्या दोघांच्या तोंडाकडं पाहिलं. तीन महिन्यांचं वाक्य आत्ता काढलं तर हे दोन्ही मासे गळातून गेले, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी हसून म्हटलं, "सरकारी वाटप आहे रे. सगळ्यांनाच देतात. ठेवून दे घरी."

त्या दोघांतला एक फिसकन हसला. यानं पुडकं शर्टात कोंबलं. विषय संपला.

नंतर त्याला एकटं गाठून सांगायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. पुढच्या गुरुवारी बायांचा वर्ग होता आणि तो सुट्टीवर गावी. त्याच्या पुढच्या वेळी तो कामावर आला होता, पण त्याच्याभोवती चार जण उभे होते. नंतर विसरले, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आले. तेही पूर्ण खरं नाही. मला दोनदा आठवलं होतं. एकदा मी निघायच्या घाईत होते आणि एकदा वाटलं, एवढे दिवस गेले, काही झालं नाही, आता कशाला उगाच त्याच्या मनात शंका घालायची.

प्रेसवर त्याला सगळे बैल म्हणायला लागले. गाठ जड असली की हाक मारायचे, "ओ बैल, या इकडं." मला ऐकून संताप यायचा. मी एकदा दोघांना तिथंच झापलं. त्यानंच मला थांबवलं. "जाऊ द्या न बाई. बोलतेत तं बोलू द्या. माही बायको जगली पायजे बस." त्याचं हे बोलणं मी माझ्या अहवालात जसंच्या तसं लिहून पाठवलं. संस्थेला फार आवडलं.

फेब्रुवारीत माझे दोन गुरुवार चुकले. एका गुरुवारी मी पुसदला प्रशिक्षणाला होते. विषय होता, श्रोत्यांपर्यंत माहिती अचूक कशी पोचवावी. मला तिथं अनुभवी कार्यकर्ती म्हणून बोलायला लावलं आणि मी माझी युक्ती तिथंही सांगितली. दुसऱ्या गुरुवारी मी तापानं घरी पडून होते.

तिसऱ्या गुरुवारी जिनिंगच्या फाटकातून आत गेले तर प्रेसच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं दिसलं. गाठींवर नंबर टाकायला जो काळा रंग असतो त्या रंगानं लिहिलं होतं, बैलाच्या घरी वासरू.

मला वाचताक्षणी अर्थ कळला नाही. म्हणजे कळला, पण मी तो मनात शिरू दिला नाही. मी वेचणीच्या ढिगाकडं गेले. एरवी मला पाहून कलकलाट करणाऱ्या बाया खाली मान घालून वेचत राहिल्या. ती त्यांच्यात नव्हती. त्यांच्यावर देखरेख करणारी एक वयस्क बाई होती, तिला मी बाजूला घेतलं.

"बाई, तिले दिवस गेले न," ती दबक्या आवाजात म्हणाली. "ओकाऱ्या करून राह्यली होती. पहिले आमाले वाटलं कावीळ हाये. मंग समजलं. नवऱ्याचं तं ऑपरेशन झालेलं. आता कोनाचं म्हनाव?"

"अगं, त्याचंच असेल," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं चमकून पाहिलं. "तुमीच तं सांगतलं होतं बाई. नसबंदी झाली का राहतच नाई, सुटली ती. साऱ्याईनं आयकलं. तिच्या नवऱ्यालेबी लोकाईनं तेच सांगतलं, का बाई काय खोटं बोलन काय?"

त्या बाईनं पुढं सांगितलं ते मी भिंतीला टेकून ऐकलं. नवऱ्यानं तिला मारलं नव्हतं, शिवीही दिली नव्हती. त्यानं तिच्या हातचं जेवण सोडलं होतं. ठेकेदाराच्या माणसांबरोबर जेवायचा आणि प्रेसच्या ओट्यावरच बारदान अंथरून पडायचा. थोरल्या मुलीला त्यानं आपल्या आईकडे गावी नेऊन सोडलं होतं. बायको रोज त्याच्या वाटचं ताट वाढून प्रेसपर्यंत घेऊन जायची आणि सगळ्यांच्या देखत तसंच परत घेऊन यायची. आठ दिवस असं चाललं. मग तिनं कोणाकडून तरी गोळ्या आणवल्या. पोट गेलं की तोंडं बंद होतील, असं तिला वाटलं असावं. आणि पोट वाढलं तर आपण मरणार, हे तर तिला आधीच माहीत होतं. डॉक्टर नाही, तपासणी नाही, अंगात रक्ताचा थेंब नाही, आणि तिनं त्या गोळ्या घेतल्या.

"कधी?" मी विचारलं.

"परवा. अंगावरून लय जाऊन राह्यलं म्हने. मी आज सकाळी पाह्यलं तं पडूनच हाये."

मी त्या बाईवरच ओरडले, की हे तू सकाळपासून मनात ठेवून कापूस वेचत बसलीस? तिनं शांतपणे ऐकून घेतलं. तिच्यावर ओरडायचा मला काय अधिकार होता, हे ती मला विचारू शकत होती. तिनं विचारलं नाही.

खोलीत ती बारदानाच्या तुकड्यावर कुशीला पडली होती. धाकटी तिच्या पाठीशी बसून पोळीचा तुकडा चघळत होती. बारदान भिजलं होतं, खालची फरशी भिजली होती. मी नाडी पाहिली तर हाताला लागेना. तिनं डोळे उघडले, मला ओळखलं आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, "बाई, माह्या लेकरायची शपथ, मी कुठी गेली नाई."

आत्तापर्यंत मी पुष्कळ बाया रक्तात पडलेल्या पाहिल्या आहेत. कोणी आई गं म्हणतं, कोणी पाणी मागतं. हिला मरतानाही आपण खऱ्या आहोत हे सांगायचं होतं. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "मला माहीत आहे. चूक माझी आहे. तू फक्त जागी राहा." तिला ते ऐकू गेलं की नाही, मला कळलं नाही.

यंत्रांची दुरुस्ती बघणारे एक चाचा होते. त्यांनी काही न विचारता मालाची छोटी गाडी दाराशी आणली. "बाई, तुम पकड के बैठो, मैं देखता हूँ," म्हणाले आणि यवतमाळपर्यंत एकदाही मागे वळून बघितलं नाही. गाडीत रुईच्या गोण्या होत्या, त्यांवर तिला निजवलं होतं. दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. गर्भपिशवी साफ करावी लागली, रक्त चढवावं लागलं. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन मला म्हणाल्या, आणखी दोन तास उशीर झाला असता तर आणायची गरजच उरली नसती. मी स्वतःची ओळख नर्स म्हणून दिली होती. त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं तशी नजर मी आयुष्यभर दुसऱ्यांवर टाकत आले होते.

चाचा परत जाऊन तिच्या नवऱ्याला घेऊन आले. तो वऱ्हांड्यात आला आणि भिंतीशी उभा राहिला. आत गेला नाही. मी त्याला बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. नळीत बीज उरतं, तीन महिने सांभाळावं लागतं, ते पुडकं त्यासाठीच होतं, मी ऑटोत त्या दोघांसमोर तुला खोटं सांगितलं, आणि नंतरही सांगितलं नाही. हे मूल तुझंच होतं. एवढं सलग आणि सोपं मी कधीच कोणाला सांगितलं नसेल.

त्यानं बोटांवर महिने मोजले. दोनदा मोजले. मग तोंडावर पंजा दाबून रडायला लागला. मला वाटलं, आता हा माझ्यावर धावून येईल. आला असता तर बरं वाटलं असतं. तो उठला आणि डोळे पुसत आत गेला. त्याच्या मागोमाग मीही गेले, कारण मला वाटलं होतं की आता निदान एवढं तरी ठीक होईल.

ती शुद्धीवर होती. हाताला नळी लावलेली. तो तिच्या पायाशी उभा राहून म्हणाला, "मले बाईनं सांगतलं सारं. तुही काई चूक नाई. चाल आता घरी."

तिचा आवाज अगदी खोल गेला होता, पण शब्द नीट ऐकू येत होते. "आठ दिवस मी शपथा घेऊन राह्यली होती," ती म्हणाली. "लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगत होती. ते खोटं होतं. आता बाईनं सांगतलं तं खरं झालं काय?"

मग तिनं मान माझ्याकडं वळवली. "तुमी मले सांगतलं, त्याईले सांगतलं. ज्याईनं भितीवर लेहलं त्याईले कोन सांगन, बाई?"

मी म्हटलं, मी सांगेन. सगळ्यांसमोर सांगेन.

पाच दिवसांनी तिचे वडील आले आणि तिला व दोन धाकट्यांना घेऊन माहेरी गेले. थोरली मुलगी गावी आजीकडेच राहिली. नवरा एस.टी. स्टँडपर्यंत सामान घेऊन गेला होता, असं मला चाचांकडून कळलं. ती त्याच्याशी बोलली नाही. त्याला वाटत होतं, होळीपर्यंत तिचा राग जाईल.

गुरुवारी पुरुषांचा वर्ग होता. मॅनेजरनं मला आधीच केबिनमध्ये बोलावून घेतलं. भिंत त्यानं चुन्यानं रंगवून घेतली होती आणि आता विषय संपला, असं त्याचं म्हणणं होतं. पुढच्या आठवड्यात पाहणीला माणसं यायची आहेत, तुम्ही आज हात धुण्यावर बोला, म्हणाला. मी त्याला काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते माझं जिनिंगमधलं शेवटचं भांडण होतं.

त्या दिवशी शेडमध्ये एकही माणूस बिडी ओढायला बाहेर गेला नाही. झाडून सगळे आले होते. तोही आला होता आणि नेहमीसारखा मागे, खांबाजवळ बसला होता. मी तक्ता उघडलाच नाही. उभी राहून सांगितलं, की मी तुम्हाला अर्धवट सांगितलं. नसबंदीनंतर तीन महिने दिवस राहू शकतात. हे मला माहीत होतं. तुम्ही हसाल, उठून जाल, म्हणून मी ते गाळलं. एक बाई माझ्या गाळलेल्या वाक्यापायी मरता मरता वाचली आणि तुम्ही भिंतीवर जे लिहिलंत ते खोटं आहे. कोणी हसलं नाही. मला वाटलं, पोचलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं बोलणं या माणसांपर्यंत खरोखर पोचलं.

तेवढ्यात ऑटोत फिसकन हसलेला तो माणूस उभा राहिला. या वेळी तो हसत नव्हता. अगदी मनापासून, शाळेतल्या मुलासारखा विचारत होता. "बाई, तीन मयने म्हनता ते समजलं. पन ते लेकरू याचंच होतं, दुसऱ्याचं नोतं, हे तुमी कशावरून सांगता?"

माझ्या तोंडात शिवी आली होती, ती मी गिळली. मला वाटलं, आता मी बोलायची गरज नाही. आता तिचा नवरा उठेल आणि या माणसाची गचांडी धरेल. मी त्याच्याकडं पाहिलं.

त्यानं काडी खाली टाकली होती आणि मान वर केली होती. बाकीच्यांसारखाच तोही माझ्या तोंडाकडं पाहत, मी काय उत्तर देते याची वाट बघत बसला होता.